चूक एक, चूक दोन

सरांची वाचा गेली, पण जाताना एक शब्द मागे ठेवून गेली. तो शब्द होता ‘बरोबर’.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, की मेंदूतला शब्दांचा कप्पा बंद पडला तरी जिभेच्या फार सवयीचा एखादा शब्द कधी कधी वाचतो. कुणाकडे मुलाचं नाव उरतं, कुणाकडे एखादी शिवी. सरांनी जन्मभर गणित शिकवलं होतं, तेव्हा त्यांच्या वाट्याला हा आला. “शिवी नाही उरली हे नशीब समजा,” सून म्हणाली, आणि दवाखान्यातही सगळे हसले. सरही हसले, पण अर्ध्या तोंडाने. उरलेलं अर्धं आता हसत नव्हतं.

तेव्हापासून पाणी हवं असलं तरी ‘बरोबर’, पंखा बंद करा म्हणायचं असलं तरी ‘बरोबर’, आणि खांदा ठणकतोय हे सांगायचं तरी ‘बरोबर’च. लिहून दाखवावं तर उजवा हात मांडीवर उशीसारखा पडलेला. डाव्या हातात पेन्सिल दिली तर अक्षरं आठवायची नाहीत. मानेचाही भरवसा नव्हता. ‘नाही’ म्हणायला निघालेली मान वाटेत बेत बदलून ‘हो’ म्हणून मोकळी व्हायची. आत मात्र दिवा लख्ख होता. कोपऱ्यावरच्या दुकानाचं बिल ते बघताक्षणी मनात तपासायचे. आतला माणूस जागा आणि दाराला बाहेरून कडी, अशी गत.

घरातल्या मोठ्यांनी यातून सोपी वाट काढली. सर ‘बरोबर’ म्हणाले की बरोबर. नातीने मात्र एवढ्यावर भागवलं नाही. ती एका जागी ठरत नसे म्हणून तिला भिंगरी म्हणत, पण आजोबांपाशी ती ठरायची. तिने त्या एका शब्दाचा कोशच तयार केला होता. लांब ओढलेला ‘बरोबर’ म्हणजे पाणी. दोनदा, तुटक, म्हणजे नको. आणि खालच्या आवाजातला, सावकाश, शेवटी थोडा रेंगाळणारा असेल तर तो खरा होकार.

“तुला बरं कळतं गं,” सून म्हणायची.

“तुम्ही शब्द ऐकता,” भिंगरी म्हणायची. “शब्द एकच आहे ना.”

आता सरांच्या डिस्कचं सांगायला हवं, कारण पुढे घोडं तिथेच पेंड खाणार आहे. निवृत्त झाल्यावर सरांनी मेव्हण्याला हाताशी धरून अपूर्णांकांचे धडे पाच व्हिडिओ डिस्कवर उतरवले होते. मेव्हणा लग्नांचं चित्रण करायचा. “नवरा-नवरीपेक्षा अपूर्णांक परवडले,” तो म्हणायचा, “हसा म्हणून सांगावं लागत नाही.” डिस्क लावली की आधी एक पान यायचं, त्याला तो मेनू म्हणायचा. त्यात धड्यांची नावं. धडा संपला की प्रश्नाचं पान, खाली उत्तरांची तीन बटणं, रिमोटने एक निवडायचं. बरोबर निवडलं तर सर उभ्या उभ्याच “बरोबर, शाबास” म्हणत आणि पुढच्या धड्याला लागत. चुकीचं निवडलं तर सर खुर्ची ओढून घेत आणि बसत.

खरं शिकवणं तिथे सुरू व्हायचं. प्रत्येक चुकीच्या बटणाला सरांनी वेगळा तुकडा दिला होता. “मुलं वाटेल तशी चुकत नाहीत,” त्यांनी मेव्हण्याला सांगितलं होतं. “चुकायच्याही पायवाटा असतात, आणि त्या चांगल्या मळलेल्या असतात. पोर कुठल्या वाटेने गेलं ते कळलं तर त्याला तिथे जाऊन गाठता येतं. नुसतं ‘चूक’ म्हणून ओरडलं तर ते तिथेच उभं राहतं.”

“म्हणजे वेळेवर पोचले त्यांना एक मिनिट, आणि वाट चुकले त्यांना दहा?” मेव्हणा म्हणाला.

“चुकलेल्यांसाठीच तर चाललंय हे.”

मेव्हण्याने मुकाट्याने कॅमेरा पुन्हा लावला. आपल्याला ओळखू यावं म्हणून अशा प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याने लहानशी काळी पाटी घातली आणि तिच्यावर लिहिलं: चूक एक, चूक दोन. पुढे तो गेला, त्याचा संगणक भंगारात गेला, आणि त्या पाच डिस्क सरांच्या कपाटात तेवढ्या राहिल्या.

भिंगरीला अपूर्णांक सुरू झाले आणि तिची गाडी रुतली. शाळेतून निरोप आला, की पुढच्या परीक्षेत जमलं नाही तर तिला ‘सावकाश तुकडी’त बसवू. नाव गोड होतं. पण त्या तुकडीत गेलेलं मूल परत आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. निरोप वाचला गेला तेव्हा सर तिथेच बसलेले होते. त्यांनी डाव्या हाताने कपाट दाखवलं, आणि दाखवतच राहिले. उशा निघाल्या, जुने चष्मे निघाले, शेवटी डिस्कचा डबा निघाला तेव्हा त्यांचा हात खाली आला.

पहिलीच डिस्क घातली आणि प्लेअरचा कप्पा अडकून बसला. सरांच्या मुलाने लोणी लावायच्या सुरीने तो उचकटला. मुलगा मोठा घाईचा माणूस. चहाही उभ्याने प्यायचा. “पाच डिस्क सारख्या काढायच्या, घालायच्या, हा कप्पा टिकणार नाही,” तो म्हणाला. “कॅसेटवाल्याकडून सगळ्या मिळून एक करून आणतो. मेनूसकट. अण्णा, चालेल?”

“बरोबर,” सर म्हणाले, खालच्या आवाजात, रेंगाळत.

“हा खरा आहे,” भिंगरीने सांगितलं.

कॅसेटवाल्याकडे कॅसेट कधीच्याच संपल्या होत्या, नाव तेवढं उरलं होतं. माणूस कामाचा पक्का. त्याचा फोन आला तेव्हा मुलगा दारात बुटाची नाडी बांधत होता. त्याने फोन जमिनीवर ठेवून आवाज मोठा केला, त्यामुळे सरांना सगळं ऐकू आलं.

“साहेब, पाचही जुळवल्या. पहिल्या पानावर पाच दारं ठेवलीत, आणि प्रत्येक दारामागे त्या त्या डिस्कचा जुना मेनू, जसाच्या तसा. पण माल जास्त होतोय. सगळं कोंबलं तर चित्र धुरकट होईल, फळ्यावरचे आकडे दिसायचे नाहीत.”

“मग?”

“यात पुष्कळ तुकडे आहेत, त्यांच्या आधी काळी पाटी येते. ‘चूक एक’, ‘चूक दोन’. निम्म्याहून जास्त जागा तेच खातात. लग्नाच्या कामात आम्ही फसलेलं चित्रण असंच नाव देऊन बाजूला ठेवतो. पण यांना बटणं जोडलेली आहेत, म्हणून म्हटलं विचारावं.”

“अण्णा बोलताना कुठे अडखळले असतील ते राहिलं असेल. काढून टाका. चुका कशाला ठेवायच्या?”

“बटणांचं काय करू?”

“ते तुम्ही बघा.”

“मग ती प्रश्नाच्या पानावरच परत वळवतो. नाहीतर डिस्क अडकेल. पण साहेब, एकदा सरांना विचारून घ्या.”

मुलाने मान वळवली. “अण्णा, तुमच्या चुका काढून टाकायला सांगतोय. चालेल ना?”

सरांच्या अंगातून वीज गेल्यासारखं झालं. सगळा जोर छातीत गोळा झाला, घशापर्यंत आला, आणि तिथे नेहमीचाच पहारेकरी उभा होता.

“बरोबर,” ते म्हणाले. “बरोबर.”

डाव्या हाताचा धक्का लागून कप खाली पडला. भिंगरी तोंडात ब्रश घेऊन बाहेर आली. “बाबा, ते नको म्हणतायत.”

“तू दात घास आधी.”

“दोनदा तुटक म्हणजे नको.”

“अगं, संकोच वाटतो त्यांना. आपल्या चुका निघाल्या की कुणालाही अवघडल्यासारखं होतं.” मुलाने फोन उचलला. “हां, विचारलं. सर बरोबर म्हणतायत. काढा.”

मुलाचं मन वाईट नव्हतं, हे सरांना कळत होतं. आपला बाप पडद्यावर कुठेही अडखळू नये, एवढंच त्याला हवं होतं. तो हे प्रेमाने करत होता, म्हणून तर त्याला अडवायला कुणी नव्हतं.

नवी डिस्क आली. आवाज स्वच्छ, चित्र स्वच्छ, पाच दारं, दारांमागे जुने मेनू. भिंगरी रिमोट घेऊन बसली. पहिला प्रश्न आला, तिने वरचं बटण दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि तोच प्रश्न परत आला. तिने मधलं दाबलं. परत तोच प्रश्न. मग खालचं. पडद्यावरचे सर म्हणाले, “बरोबर, शाबास,” आणि पुढे गेले.

खुर्चीतल्या सरांनी मांडीवरच्या लुळ्या हातावर डावा हात आपटला.

“आनंद झालाय त्यांना,” सून म्हणाली. “स्वतःचा आवाज किती दिवसांनी ऐकला.”

पडद्यावर तो हिंडता-फिरता माणूस खडूचे हात झटकत होता, बोलत होता, आणि एकदाही खुर्ची ओढून बसत नव्हता. रविवारच्या एका दुपारी भिंगरीने पाचही दारं पालथी घातली. वरचं, मधलं, खालचं. कुठलं तरी लागायचंच. मुलगा आतून ओरडला, “किती शाबासक्या झाल्या गं?” ती म्हणाली, “मोजल्या नाहीत.” तिच्या आवाजात नवल होतं. गणित एवढं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

जुन्या पाच डिस्क कॅसेटवाल्याने सांभाळून परत केल्या होत्या. त्याच सुमारास बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. कुणीतरी सुनेला सांगितलं, चकाकतं काही टांगलं की ती येत नाहीत. तिने डिस्क दोरीत ओवल्या आणि कठड्यावर बांधल्या. सरांची खुर्ची समोरच होती. वाऱ्यावर डिस्क फिरायच्या आणि उजेडाचे ठिपके त्यांच्या अंगावरून धावायचे.

“बरोबर,” सर म्हणाले. “बरोबर. बरोबर.”

“बघा, अण्णांनाही पटलं,” सून म्हणाली.

भिंगरी शाळेतून आली आणि म्हणाली, नाही, हे नको आहे. काय नको, ते मात्र तिला कळेना. ती सरांसमोर गुडघ्यांवर बसून एकेक विचारत राहिली. “आवाज होतो? नाही. डोळ्यांवर चमकतं? कबुतरं हवी आहेत तुम्हाला?” प्रत्येक वेळी तुटक ‘बरोबर’, दोनदा. शेवटी, ते नाही म्हणाले तरी चमकतंच असणार, असं धरून तिने त्यांची खुर्ची भिंतीकडे वळवून दिली. आता त्यांना डिस्क दिसायच्या नाहीत, भिंतीवर फिरणारे ठिपके दिसायचे. उन्हाळा चढत गेला आणि ठिपके दिवसेंदिवस फिके होत गेले.

परीक्षेत आकडे बदललेले होते, आणि बटणं नव्हती. भिंगरीला सावकाश तुकडीत बसवलं.

“अण्णांचे सगळे धडे करूनसुद्धा?” मुलगा जेवताना म्हणाला.

“जुन्या पद्धतीचे आहेत ना ते,” सून हळू म्हणाली. हळू म्हणाली, पण सर शेजारीच बसले होते. “त्यात सारखी शाबासकीच आहे. चुकलं तर का चुकलं, ते कुठे सांगितलंय? मला तर वाटतं, अण्णा हुशार मुलांनाच शिकवत आले.”

सरांनी घास खाली ठेवला. रागाने माणूस काय करेल सांगता येत नाही. ते काठी घेऊन उठले, एरवी दोघांनी धरल्याशिवाय उठत नसत, आणि पाय ओढत बाल्कनीत गेले. दोरीला हिसका दिला. डिस्क फरशीवर पडल्या. भिंगरी मागोमाग धावली.

“ही लावू? प्लेअरमध्ये?”

“बरोबर,” सर म्हणाले. खालच्या आवाजात, रेंगाळत.

पहिली घातली. प्लेअर घरघरला आणि कप्पा बाहेर आला. दुसरीही तशीच, तिसरी आणि चौथीही. पाचवी सांडपाण्याच्या पाइपामागे सावलीत टांगलेली होती. ती खूप वेळ घरघरली आणि मग मेनू उमटला. भिंगरीने शेवटचा प्रश्न काढला: अर्धा अधिक एक तृतीयांश. सवयीप्रमाणे वरचं बटण दाबलं. दोन पंचमांश.

प्रश्न परत आला नाही. काळी पाटी आली. चूक एक. मग सर आले, त्यांनी खुर्ची ओढली आणि ते बसले.

“अस्सं,” पडद्यावरचे सर म्हणाले. “तू वरचे आकडे मिळवलेस, खालचे आकडे मिळवलेस. मिळवायचं म्हटल्यावर सगळंच मिळवावं, असं वाटणं अगदी साहजिक आहे. आपण ओरडायचं नाही, आपण बघायचं. तुझ्याकडे अर्धी पट्टी होती. तिच्यात मी आणखी एक तुकडा घातला. म्हणजे ती वाढायला हवी ना? आता तुझे दोन पंचमांश अर्ध्याशेजारी ठेवून बघ बरं. ते तर…”

चेहऱ्याचे चौकोन झाले. आवाज करवतीसारखा झाला आणि थांबला. भिंगरीने पुन्हा लावलं. या वेळी मेनूही आला नाही.

“अजून बोलणार होते,” ती म्हणाली. “आजोबा, पुढे काय होतं?”

मुलगा पाठीमागे उभा होता. हात धुतलेला, तसाच ओला. “चुका म्हणजे हे होतं?” त्याने विचारलं. त्याने डिस्क पिशवीत भरल्या आणि तो चपला घालून निघून गेला.

परत आला तेव्हा पिशवी हातातच होती. तो सरांसमोर बसला, चक्क बसला.

“उन्हात टांगल्या होत्या म्हटल्यावर कॅसेटवाल्याने पुढे ऐकूनच घेतलं नाही. या डिस्कना रंगाचा एक थर असतो म्हणे, जे काही असतं ते त्यातच. थर उडाला की संपलं. त्याच्याकडे जे होतं ते त्याने आपली डिस्क झाल्यावर पुसून टाकलं. मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंस. तर म्हणाला, साहेब, मी विचारलं होतं.”

सरांनी डाव्या हाताने पिशवी जवळ ओढली.

“आणि तुम्ही ‘बरोबर’ म्हणालात,” मुलगा म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. “मला काय कळणार, अण्णा? मी तुमच्याच हाताखाली शिकलोय. गणित चुकलं की पान फाडायला लावायचात तुम्ही. चूक वहीत राहिलेली खपायची नाही. आता हा जो खुर्चीवर बसून गोड बोलतोय ना, हा माणूस मला कधी भेटलाच नाही. भेटला असता तर ओळखलं असतं, की चुका ठेवायच्या असतात.”

यावर द्यायला सरांकडे एकच शब्द होता, आणि या वेळी तो नेमका लागू होता. म्हणून तो त्यांनी आवळून धरला, उच्चारला नाही. चूक समजून घ्यायची असते हे त्यांना उमगलं तेव्हा मुलगा शाळा संपवून गेलेला होता. तोवर घरातल्या वहीला अर्धीच पानं उरली होती.

मुलाने नवी डिस्क उचलली, उलटसुलट केली, आणि फेकवेना म्हणून प्लेअरवर ठेवून दिली. सुनेने दुसऱ्या दिवशी बाल्कनीला जाळी लावून घेतली. त्या गोष्टीवर घरात पुन्हा कुणी बोललं नाही. बोलून उपयोग नसतो तेव्हा माणसं फार समजूतदार होतात.

सावकाश तुकडीत गृहपाठ भरपूर असायचा. एका संध्याकाळी भिंगरी वही घेऊन सरांच्या खुर्चीपाशी आली आणि खाली बसली. पहिलं गणित होतं, एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. सरांनी शेजारचं वर्तमानपत्र ओढलं. डाव्या हाताने त्याची पट्टी फाडली, वेडीवाकडी, आणि गुडघ्यावर दाबून ती घडी घालू लागले. तीन सारखे भाग एका हाताने होत नाहीत. घडी सरकली, पट्टी खाली पडली. भिंगरीने उचलून दिली. पुन्हा पडली.

“राहू द्या आजोबा,” ती म्हणाली. तिने पेन्सिल दातांत धरली आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं. “दोन सप्तमांश?”

“बरोबर, बरोबर,” सर म्हणाले.

“नाही. बरं. मग एक द्वादशांश?”

सरांनी पट्टी तिच्यापुढे धरली, हलवली, बोटाने तिच्यावर रेघ ओढली. हे बघ, याचे किती, त्याचे किती, आधी दोघांचे तुकडे सारखे कर. सगळं आत तयार होतं, ओळीने उभं होतं. बाहेर आलं ते, “बरोबर, बरोबर.”

“हेपण नाही.” तिने बोटांवर काहीतरी केलं. “सात द्वादशांश?”

सर थांबले. नुसतं गप्प राहावं, असं त्यांना वाटलं. पण उत्तर खरं होतं, आणि खऱ्या उत्तराला नाकारणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

“बरोबर,” ते म्हणाले, खालच्या आवाजात.

“शाबास,” भिंगरी स्वतःलाच म्हणाली. तिने उत्तर वहीत लिहिलं, खाली रेघ मारली, पुढचं गणित वाचलं आणि पुन्हा त्यांच्या तोंडाकडे बघून पहिला आकडा म्हटला.